मुष्टियुद्धातील गुणदान व निर्णय

मुष्टियुद्धाची लढत ठरलेल्या सर्व फेऱ्या संपेपर्यंत चालली व प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणीही बाद झाला नाही, तर विजेता ठरविण्याची पद्धती. धावण्याच्या शर्यतीत अंतिम रेषा आणि फुटबॉलमध्ये गोल यांमुळे निकाल सर्वांना एकाच वेळी दिसतो. मुष्टियुद्धात सर्वांना दिसणारी अशी खूण एकच व ती म्हणजे पडलेल्या खेळाडूवर पंचाने पूर्ण केलेली दहा अंकांची मोजणी. ती झाली नाही, तर विजय हा रिंगणाच्या तीन बाजूंना बसलेल्या तीन परीक्षकांच्या मतावर अवलंबून राहतो. प्रेक्षकांनी तीच लढत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते व प्रत्येकाने मनाशी काही एक हिशेब मांडलेला असतो. त्यामुळे निर्णय जाहीर होताच वादास तोंड फुटते. हेवीवेट गटातील विजेतेपद हे या खेळातील सर्वोच्च मानाचे व सर्वाधिक धनलाभाचे पद असल्यामुळे त्या गटातील वाद विशेष तीव्र असतात व पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतात.

ऐतिहासिक आढावा : उघड्या मुठींनी लढण्याच्या काळात गुणांचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये केलेल्या नियमांनुसार खाली पडलेल्या खेळाडूला अर्ध्या मिनिटात ठरलेल्या जागी आणून उभे करता आले नाही, तर तो पराभूत समजला जाई. लढत सुरू होण्यापूर्वी दोन्ही प्रतिस्पर्धी उपस्थित सभ्य गृहस्थांतून दोन पंच निवडीत आणि त्या दोघांत मतभेद झाल्यास ते तिसऱ्याची निवड करीत. पंचांचे काम तंट्यांचा निवाडा करण्याचे होते, कौशल्याचे मोजमाप करण्याचे नव्हते. लढत एकाची शक्ती संपेपर्यंत चाले. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जॉन एल्. सलिव्हन व जेक किलरेन यांची, उघड्या मुठींची शेवटची विजेतेपदाची लढत झाली. ती ७५ फेऱ्या चालली. 

क्वीन्सबरी नियमांनी (१८६७) हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एका मिनिटाची विश्रांती व दहा सेकंदांची मोजणी या गोष्टी रूढ केल्या. हे नियम जॉन ग्रॅहम चेंबर्स याने तयार केले. क्वीन्सबरीच्या मार्क्विसचे केवळ नाव त्यांना लाभले. या नियमांत गुणदानाविषयी काहीही सांगितलेले नाही, ही बाब लक्षणीय आहे. फेऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आल्यावर मात्र, दोघेही उभे राहिल्यास काय करावयाचे, हा प्रश्न टाळता येईना. हौशी स्पर्धांत एकाच दिवशी अनेक लढती उरकावयाच्या असल्यामुळे गुणांची गरज तेथे आधी भासली. व्यावसायिक मुष्टियुद्धात तिला निरनिराळ्या देशांत निरनिराळी उत्तरे मिळाली. 

इंग्लंडमध्ये पंच हाच एकमेव निर्णयाधिकारी राहिला. न्यूयॉर्क राज्यात १९११ ते १९१७ पर्यंत अंमलात असलेल्या फ्रॉली कायद्यान्वये मुष्टियुद्धास परवानगी असली, तरी निर्णय देण्यास बंदी होती. हेतू असा, की निर्णयच नसेल तर पैजा लागणार नाहीत. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील बातमीदाराचे मत हाच निर्णय समजला जाऊ लागला व कोणत्या वृत्तपत्राचे मत ग्राह्य धरावयाचे, हे पैज लावणारे आधीच ठरवू लागले. त्या काळातील अनेक मुष्टियोद्ध्यांच्या कारकीर्दीच्या नोंदींत ‘वृत्तपत्रीय निर्णय’ हा वेगळा रकाना आजही आढळतो. १९२० च्या वॉकर कायद्याने ही विचित्र स्थिती संपुष्टात आणली. पंधरा फेऱ्यांची मर्यादा घालून दोन परीक्षक व पंच यांच्या मतांनी निर्णय देण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि अमेरिकेतील इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. पंचाने रिंगणात खेळाडूंच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवावे की गुण मोजावेत, या प्रश्नावर दीर्घकाळ मतभेद होते. पुढे पंचाला गुणदानातून मुक्त करून तीन परीक्षकांकडे ते काम सोपविण्याची पद्धत रूढ झाली. 

विजेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांच्या होण्यास एक दुःखद घटना कारणीभूत ठरली. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी रे मॅन्सिनी याच्याबरोबर झालेल्या लढतीत दक्षिण कोरियाच्या किम दुक-कू याच्या मेंदूला इजा झाली व काही दिवसांनी तो मरण पावला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने १९८३ पासून फेऱ्यांची संख्या पंधरावरून बारावर आणली; इतर संघटनांनी १९८८ पर्यंत तोच मार्ग अनुसरला. 

फेरी-पद्धत व दशगुण-पद्धत : न्यूयॉर्कमध्ये पूर्वी फेऱ्या मोजण्याची पद्धत होती. प्रत्येक फेरी एकाला द्यावयाची किंवा बरोबरीची ठरवावयाची आणि अखेरीस ज्याच्या फेऱ्या अधिक तो विजेता. या पद्धतीत निसटत्या फरकाने जिंकलेली फेरी व प्रतिस्पर्ध्याला लोळवून जिंकलेली फेरी यांचे मोल सारखेच ठरे. ५ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे जो लुई व जर्सी जो वॉलकॉट यांच्यात झालेली लढत हे याचे बोलके उदाहरण होय. वॉलकॉटने पहिल्या व चौथ्या फेरीत लुईला खाली पाडले. लढत संपल्यावर स्वतः लुई निर्णयाची वाट न पाहता रिंगणाबाहेर पडू लागला होता. पंच रूबी गोल्डस्टीन याने वॉलकॉटला सात व लुईला सहा फेऱ्या दिल्या आणि दोन बरोबरीच्या ठरविल्या. परंतु दोन्ही परीक्षकांनी ९-६ व ८-६-१ अशा फरकाने लुईच्या बाजूने कौल दिला. विजेतेपद लुईकडेच राहिले व प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. लुईला खाली पाडलेल्या दोन्ही फेऱ्या तिघांनीही वॉलकॉटला दिल्या असे धरून याच पत्रिकांना आजची दशगुण-पद्धत लावून पाहिल्यास एका परीक्षकाच्या पत्रिकेवर लुई १४२-१४१ असा विजयी ठरतो, दुसऱ्याच्या पत्रिकेवर १४२-१४२ अशी बरोबरी होते व पंचाच्या पत्रिकेवर वॉलकॉट १४४-१४१ असा पुढे राहतो. म्हणजेच लढत अनिर्णित ठरली असती. लुईचे पद तरीही राहिले असते, कारण बरोबरी झाल्यास पद विद्यमान विजेत्याकडेच राहते. पुढच्या वर्षी २५ जून रोजी लुईने अकराव्या फेरीत वॉलकॉटला बाद करून वाद मिटविला. 

दशगुण-पद्धतीत फेरी जिंकणाऱ्यास दहा व हरणाऱ्यास नऊ किंवा त्याहून कमी गुण दिले जातात. प्रतिस्पर्ध्याला एकदा खाली पाडल्यास फेरी बहुधा १०-८, दोनदा पाडल्यास १०-७ अशी दिली जाते. खाली न पाडताही एखाद्याने संपूर्ण फेरीभर पूर्ण वर्चस्व गाजविले, तर १०-८ देण्यास हरकत नाही. परंतु परीक्षक तसे क्वचितच करतात. नियमभंगाबद्दल गुण कापण्याचा अधिकार पंचाला असतो व त्याने सांगितल्यावर तो गुण तिन्ही पत्रिकांतून वजा होतो. १०-१० अशी बरोबरीची फेरी देण्यास बंदी नाही, पण तिच्याकडे टाळाटाळ म्हणून पाहिले जाते. प्रत्येक फेरीनंतर परीक्षकाकडून त्याची चिठ्ठी घेतली जाते. मागील फेरीचा फेरविचार करण्याची मुभा त्याला नसते. 

तिघांचेही मत एकाच्या बाजूने पडले, तर निर्णय एकमताचा होतो. दोघांनी एकाला व तिसऱ्याने दुसऱ्याला विजयी ठरविल्यास तो दुभंगलेला निर्णय आणि दोघांनी एकाला विजयी ठरवून तिसऱ्याने बरोबरी दिल्यास तो बहुमताचा निर्णय म्हणून ओळखला जातो. तिघांच्या गुणांची बेरीज केली जात नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. एका परीक्षकाने दिलेली मोठी आघाडीही एकाच मताची धनी असते. 

गुणांचे गणित : बारा फेऱ्यांच्या लढतीत प्रत्येक फेरी १०-९ अशी गेली, तर दोघांच्या गुणांची बेरीज २२८ होते. बेरीज त्याहून एकाने कमी असेल, तर एक फेरी १०-८ झाली किंवा एक गुण कापला गेला. अधिक असेल, तर बरोबरीच्या फेऱ्या दिल्या गेल्या, असा अंदाज बांधता येतो. प्रसिद्ध झालेल्या केवळ अंतिम आकड्यांवरून जाणकार प्रेक्षक लढतीचे पुष्कळसे स्वरूप ओळखतात ते या युक्तीने. 

१ डिसेंबर २०१८ रोजी लॉस अँजेल्स येथे डिऑन्टे वाइल्डर व टायसन फ्यूरी यांची लढत बरोबरीत सुटली. पत्रिका होत्या वाइल्डरला ११५-१११, फ्यूरीला ११४-११२ व ११३-११३ अशी बरोबरी. तिन्हींची बेरीज २२६ येते, कारण वाइल्डरने नवव्या व बाराव्या फेरीत फ्यूरीला खाली पाडले होते. फेऱ्यांच्या हिशेबात फ्यूरीने या तीन पत्रिकांवर अनुक्रमे पाच, आठ व सात फेऱ्या जिंकल्या, असे दिसते. फेरी-पद्धतीने ही लढत फ्यूरीने जिंकली असती. मार खाऊन पडलेल्याला अधिक दंड व्हावा की नाही, हा मूळ प्रश्न आहे व त्याचे उत्तर परीक्षकांनी नव्हे, तर नियम करणाऱ्यांनी दिलेले आहे. त्या रात्रीच्या वादात मात्र सर्व रोष परीक्षकांवर आला. फ्यूरीने चाळीस सेकंदही बाकी नसल्यासारखे भासणाऱ्या अवस्थेतून उठून बारावी फेरी पुरी केल्याचे चित्र लोकांच्या मनात ठसले होते. 

१८ मे २०२४ रोजी रियाध येथे युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिक याने फ्यूरीचा दुभंगलेल्या निर्णयाने पराभव केला आणि लेनॉक्स ल्यूइसनंतर प्रथमच हेवीवेट गटातील सर्व प्रमुख पदे एका हाती आली. उसिकला ११५-११२ व ११४-११३, तर तिसऱ्या पत्रिकेवर फ्यूरीला ११४-११३ असे गुण पडले. नवव्या फेरीत उसिकच्या ठोशांनी फ्यूरी एका दोरावरून दुसऱ्या दोराकडे झोकांड्या खात गेला, तेव्हा पंचाने ‘दोरांनी सावरला, नाही तर पडला असता’ असे मानून मोजणी केली. फेरी १०-८ झाली. ही मोजणी झाली नसती व ती फेरी १०-९ राहिली असती, तर पत्रिका ११५-११३, ११४-११४ व फ्यूरीला ११५-११३ अशा झाल्या असत्या आणि लढत बरोबरीत सुटली असती. एका क्षणी पंचाने उचललेला हात हा बारा फेऱ्यांच्या निकालाचा निर्णायक घटक ठरला. ती मोजणी अयोग्य नव्हती, असेच बहुसंख्य जाणकारांचे मत आहे. उलट, पंचाने मध्ये पडून मोजणी सुरू केल्यामुळे उसिकची लढत तेथेच संपविण्याची संधी हुकली, असेही म्हटले जाते. २१ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या लढतीत तिन्ही परीक्षकांनी उसिकला ११६-११२ असेच गुण दिले. त्या वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या एका यंत्रणेकडूनही प्रयोगादाखल गुण देवविण्यात आले; तिने उसिकला ११८-११२ अशी आघाडी दिली. निकालात ते गुण धरण्यात आले नाहीत. 

परीक्षक काय पाहतात : स्वच्छ व परिणामकारक ठोसे, फलदायी आक्रमण, रिंगणावरील ताबा आणि बचाव या चार कसोट्या सर्वसाधारणपणे सांगितल्या जातात. त्यांपैकी पहिलीस सर्वाधिक महत्त्व आहे. हातमोज्याच्या पुढील, गाठींवरच्या भागाने डोक्यावर अथवा कमरेच्या वरच्या पुढील व बाजूच्या भागावर बसलेला ठोसाच ग्राह्य धरला जातो. हातांवर अडविलेला धरला जात नाही. पुढे पुढे जाणे हे स्वतः गुणास पात्र नाही. पुढे जाऊन मारता आले, तरच ते आक्रमण फलदायी ठरते. सर्वसामान्य प्रेक्षकाची चूक बहुधा येथेच होते. मागे सरत दर वेळी जॅबचा ठोसा देणारा खेळाडू त्याला पळपुटा वाटतो. उलट, प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी परीक्षकही प्रभावित होतात. अडविलेल्या ठोशाला गर्जना झाली, की तो बसला असा भास होणे स्वाभाविक आहे. 

तीन परीक्षक तीन बाजूंना बसविण्यामागे हेतू असा, की एकाला दिसले नाही ते दुसऱ्याला दिसावे. परंतु तेच मतभेदाचेही कारण होते. पंचाची पाठ, कोपऱ्यातील खांब, छायाचित्रकार यांमुळे दृष्टी अडते. दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकाला उंचावरून व अनेक कोनांतून दिसते, ते परीक्षकाला दिसत नाही. पण ठोशाचा जोर व त्याने बसलेला हादरा परीक्षकाला जवळून जाणवतो, तो पडद्यावर दिसत नाही. मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे ८ मार्च १९७१ रोजी झालेल्या महंमद अली व जो फ्रेझर यांच्या पहिल्या लढतीत फ्रेझर एकमताने विजयी झाला. तथापि पंचाची पत्रिका ८-६-१, तर एका परीक्षकाची ११-४ अशी होती. विजेत्याविषयी दुमत नव्हते, म्हणून ही तफावत फारशी चर्चिली गेली नाही. 

एकमेव निर्णयाधिकाऱ्याची इंग्लंडमधील पद्धतही वादमुक्त नव्हती. त्याच महिन्यात, १६ मार्च १९७१ रोजी, वेम्बली येथे हेन्री कूपर व जो बग्नर यांच्या पंधरा फेऱ्यांच्या लढतीत पंच हॅरी गिब्झ याने पाव गुणाच्या फरकाने बग्नरला विजयी घोषित केले. कूपर हा इंग्रजांचा अत्यंत लाडका मुष्टियोद्धा. या पराभवानंतर तो निवृत्त झाला. ब्रिटिश क्रीडाशौकिनांनी गिब्झला त्याच्या हयातभर या पाव गुणाचा जाब विचारला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. एकाच माणसाने निर्णय देण्याचा एक लाभ मात्र आहे : जबाबदारी कोणाची, याविषयी संदेह राहत नाही. 

अनिर्णित लढतींतील सर्वाधिक गाजलेली लढत १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे इव्हँडर होलिफील्ड व लेनॉक्स ल्यूइस यांच्यात झाली. ठोशांच्या मोजणीनुसार ल्यूइसचे ३४८ व होलिफील्डचे १३० ठोसे बसले. असे असूनही एका परीक्षकाने होलिफील्डला ११५-११३, दुसऱ्याने ल्यूइसला ११६-११३ व तिसऱ्याने दोघांना ११५-११५ असे गुण दिले. ज्या पाचव्या फेरीत ल्यूइसने होलिफील्डला दोरांशी खिळवून ठेवले होते, तीही पहिल्या परीक्षकाने होलिफील्डला दिली होती. पुढे झालेल्या चौकशीत त्या परीक्षकाने छायाचित्रकारांमुळे आपल्याला नीट दिसले नाही व चित्रफीत पाहिल्यावर ती फेरी ल्यूइसची वाटते, असे सांगितले. ही एक फेरी फिरविली असता तिची पत्रिका ल्यूइसला ११४, होलिफील्डला ११४ अशी झाली असती व एका पत्रिकेवर विजय व दोहोंवर बरोबरी, म्हणजे पुन्हा बरोबरीच! दोष केवळ एका फेरीचा नव्हता, हे यावरून उघड होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी लास व्हेगास येथे झालेल्या दुसऱ्या लढतीत ल्यूइस एकमताने विजयी झाला. विशेष म्हणजे ती लढत पहिलीहून अधिक चुरशीची होती. अशा प्रकरणांमुळे निर्माण झालेल्या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेत २००० साली महंमद अली मुष्टियुद्ध सुधारणा कायदा संमत झाला. परीक्षक व पंच यांना मिळणारे मानधन जाहीर करणे त्याने बंधनकारक केले. 

ठोशांची मोजणी व प्रेक्षकांच्या पत्रिका : १९८५ पासून अमेरिकेत संगणकाच्या साहाय्याने ठोसे मोजण्याची सोय झाली. दोन माणसे रिंगणाशेजारी बसतात व प्रत्येक जण एकाच खेळाडूवर लक्ष ठेवून मारलेल्या व बसलेल्या ठोशांसाठी कळी दाबतो. यंत्र मोजते असा समज असला, तरी मोजणारे माणसाचे डोळेच असतात. ठोशाचा जोर या आकड्यांत उतरत नाही. शिवाय फेरीनिहाय गुणदानात एकूण बेरजेला अर्थ नसतो. तीन फेऱ्यांत चाळीस ठोशांची आघाडी मिळवून उरलेल्या नऊ फेऱ्या एकेका ठोशाने गमाविणारा खेळाडू बेरजेत पुढे व निकालात मागे राहील. हे आकडे वादात पुरावा म्हणून पुढे केले जातात, ते ही मर्यादा विसरून. 

दूरचित्रवाणीने आणखी एक प्रथा रूढ केली. २८ सप्टेंबर १९७६ रोजी यांकी स्टेडियमवर झालेल्या अली व केन नॉर्टन यांच्या तिसऱ्या लढतीत दोन्ही परीक्षकांनी ८-७ व पंचाने ८-६-१ अशा फरकाने अलीला विजयी ठरविले. नॉर्टन जिंकला असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. त्या परीक्षकांपैकी हॅरल्ड लेडरमन हा १९८६ पासून एका दूरचित्रवाणी वाहिनीवर लढत चालू असतानाच आपली अनधिकृत पत्रिका प्रेक्षकांना सांगू लागला. घरी बसलेल्या प्रेक्षकांनीही कागद-पेन्सिल घेऊन गुण मांडण्याची सवय अशा कार्यक्रमांमुळे वाढली. अधिकृत निर्णय या अनधिकृत पत्रिकेहून वेगळा आला, की अन्याय झाला, असा समज होऊ लागला. वस्तुतः बारा फेऱ्यांपैकी चार-पाच फेऱ्या कोणालाही देता येण्याजोग्या असल्या, तर ११५-११३ हा निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो. अशा निर्णयाशी असहमत होणे वेगळे व तो अन्यायाचा म्हणणे वेगळे. मुरलेले शौकीन हा भेद करतात. ज्या फेऱ्या निर्विवाद एकाच्या आहेत त्या आधी बाजूला काढून उरलेल्यांवरच वाद घालतात. 

काही लढतींत चौथ्या व आठव्या फेरीनंतर गुण जाहीर करण्याचा प्रयोग वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने केला. त्यामुळे मागे पडलेल्याला जोर लावण्याची जाणीव होते. पण पुढे असलेला खेळाडू उरलेल्या फेऱ्यांत लढणेच टाळतो, हा त्याचा तोटा होय. 

हौशी मुष्टियुद्ध : १९८८ च्या सोल ऑलिंपिक स्पर्धेत अमेरिकेचा रॉय जोन्स याने अंतिम लढतीत दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुन याला ८६ ठोसे लगावले व स्वतः ३२ खाल्ले, तरी सुवर्णपदक ३-२ अशा मतांनी पार्कला मिळाले. स्पर्धेतील सर्वोत्तम शैलीचा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्सलाच देण्यात आला. पार्कने २०२३ मध्ये अमेरिकेत जाऊन आपले सुवर्णपदक जोन्सच्या हाती दिले. या प्रकरणानंतर १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकपासून विद्युत्‌-यंत्राने गुणदान सुरू झाले. पाचपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली, तरच ठोसा मोजला जाई. पक्षपातास आळा बसला. पण शरीरावरील ठोसे व जलद मारलेल्या ठोशांच्या मालिका नोंदल्याच जाईनात आणि खेळाडू दुरून एकेक ठोसा टेकविण्याकडे वळले. तलवारबाजीसारखा हा खेळ शौकिनांना रुचला नाही. २०१३ पासून हौशी मुष्टियुद्धातही दशगुण-पद्धत आली. 

भारतीय खेळाडूंना या सर्व पद्धतींचा अनुभव आला आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विकास कृष्णन याने अमेरिकेच्या एरल स्पेन्सविरुद्ध १३-११ असा विजय मिळविला. परंतु तक्रारीनंतर मिठी मारण्याच्या व दातकवच थुंकण्याच्या नियमभंगांबद्दल स्पेन्सला चार गुण देऊन निकाल १५-१३ असा फिरविण्यात आला. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सरिता देवी हिने उपांत्य फेरीतील निर्णय अमान्य करून कांस्यपदक स्वीकारण्यास नकार दिला व तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये मेरी कोम ही कोलंबियाच्या इंग्रित व्हालेन्सियाविरुद्ध तीनपैकी दोन फेऱ्या ३-२ अशा मताधिक्याने जिंकूनही पराभूत झाली. पहिली फेरी ती ४-१ अशी हरली होती आणि निकाल फेऱ्यांच्या मताधिक्यावर नव्हे, तर प्रत्येक परीक्षकाच्या तिन्ही फेऱ्यांच्या बेरजेवर लागतो. त्या बेरजेत पाचांपैकी तीन पत्रिका व्हालेन्सियाच्या बाजूने होत्या. निर्णय नियमाला धरून होता. तो खेळाडूला व प्रेक्षकांना चटकन उमगला नाही, हा दोष पद्धतीचा म्हणावा लागेल. 

२०१६ च्या रीओ ऑलिंपिकमधील निर्णयांवर जगभर टीका झाली. विशेषतः हेवीवेट गटाच्या अंतिम लढतीत रशियाच्या येव्गेनी तिश्चेंको याला मिळालेल्या विजयाची प्रेक्षकांनी हेटाळणी केली. स्पर्धेनंतर सर्व ३६ पंच-परीक्षकांना कामापासून दूर ठेवण्यात आले. रिचर्ड मॅक्लॅरेन यांच्या २०२१ च्या अहवालाने काही लढतींचे निकाल ठरवून लावल्याचा निष्कर्ष काढला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेस निलंबित केले होते. २०२३ मध्ये तिची मान्यताच काढून घेतली. पॅरिस येथील २०२४ च्या स्पर्धा ऑलिंपिक समितीने स्वतःच्या देखरेखीखाली घेतल्या. 

आगामी लढतींचे वाद : झालेल्या लढतींइतकाच वाद न झालेल्या लढतींवर होतो. चार प्रमुख संघटना आपापले विजेते व आपापली क्रमवारी ठेवतात : १९२१ मध्ये स्थापन होऊन १९६२ मध्ये सध्याचे नाव धारण करणारी वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल (१९६३), इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन (१९८३) व वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन (१९८८). प्रत्येकीचा एक अनिवार्य आव्हानवीर असतो व त्याच्याशी ठराविक मुदतीत न लढणाऱ्या विजेत्याचे पद काढून घेतले जाते. चारही पदे एकाकडे आली, की चार आव्हानवीर रांगेत उभे राहतात. त्यामुळे अविभाज्य विजेतेपद फार काळ टिकत नाही. प्रवर्तकांचे करार व दूरचित्रवाणी कंपन्यांची स्पर्धा यांची त्यात भर पडते. २०२१ मध्ये अँथनी जोशुआ व फ्यूरी यांची लढत जवळजवळ निश्चित झाली असता, फ्यूरीने आधी वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढले पाहिजे, असा निवाडा लवादाने दिला व ती बारगळली. रिडिक बो याने तर डिसेंबर १९९२ मध्ये लंडन येथे आपला विजेतेपदाचा एक पट्टा कचऱ्याच्या टोपलीत टाकला. त्या पदासाठी त्याला ल्यूइसशी लढावे लागणार होते. सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत ल्यूइसने त्याला दुसऱ्या फेरीत हरविले होते. व्यावसायिक रिंगणात ते दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत व कोण जिंकला असता, हा प्रश्न दोघांच्याही चाहत्यांना पुरून उरला आहे. 

वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना हाही याच जिज्ञासेचा एक प्रकार. अली व रॉकी मार्सियानो यांची लढत संगणकाच्या साहाय्याने कल्पून तिचे चित्रीकरण १९६९ मध्ये दोघांकडूनच करवून घेण्यात आले. जानेवारी १९७० मध्ये ते अमेरिकेतील चित्रपटगृहांत दाखविले गेले, त्यापूर्वीच मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. त्यात मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला बाद करतो. यूरोपात दाखविलेल्या प्रतीत मात्र अली विजयी झालेला होता.